दृष्टीआड सृष्टी: ॲडम्स व्ह्यूमध्ये कमांड देऊन भाग दाखवणं आणि लपवणं

ॲडम्स हे यंत्राच्या भागांची हालचाल संगणकावर तपासण्याचं सॉफ्टवेअर, आणि ॲडम्स व्ह्यू ही त्याची मॉडेल दाखवणारी बाजू. त्यात बग्गीचं, म्हणजे खडबडीत रस्त्यावरच्या छोट्या गाडीचं, पूर्ण मॉडेल उघडलं की आधी दिसतो तो नुसता गुंता. रोल केजचे पाइप, त्यामागे पॅनेल, पॅनेलमागे इंजिनाचा ठोकळा आणि प्रत्येक भागावर चिकटलेली मार्करची, म्हणजे जागा आणि दिशा सांगणाऱ्या खुणांची, चिन्हं. आपल्याला बघायचा असतो पुढच्या डाव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट. तो या सगळ्याच्या आत कुठेतरी असतो.

मग आपण माउस हातात घेतो. भागावर उजवी क्लिक, अपिअरन्स, व्हिजिबिलिटी ऑफ, ओके. एका भागासाठी ठीक आहे. पण भाग चाळीस असतील, आणि दुसऱ्या दिवशी डिझाइनवाल्यांनी पॅरासॉलिडची, म्हणजे भागांच्या त्रिमितीय आकारांची, नवी फाइल पाठवली की सगळं पुन्हा समोर येत असेल, तर अर्धा दिवस क्लिक करण्यातच जातो. बाहा या बग्गी बनवून चालवण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सस्पेन्शनचं मॉडेलिंग शिकवतो, तेव्हा भाग जोडणाऱ्या जॉइंट आणि बुशिंगच्याही आधी या कमांड शिकवतो. जे नीट दिसत नाही ते नीट तपासलंही जात नाही.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी एक सूचना. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. जिथे खालची रेघ आहे तिथे अंडरस्कोर, आणि नावाच्या सुरुवातीला टिंब आहे तिथे टिंब. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक ॲडम्स व्ह्यूची कमांड भाषा मानत नाही.

कमांड कुठे द्यायची

एफ-३ दाबा. कमांड विंडो उघडते. खालच्या ओळीत कमांड लिहून एंटर केलं की वरच्या भागात ती उमटते आणि काही चुकलं तर त्याचा संदेशही तिथेच येतो. कमांड लांब असेल तर ओळीच्या शेवटी अँपरसँडचं चिन्ह देऊन पुढच्या ओळीवर जाता येतं. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टिपण, ती सॉफ्टवेअर वाचून सोडून देतं.

कमांड पाठ करायची गरज नाही. ॲडम्स व्ह्यू तुमची प्रत्येक कृती चालू फोल्डरमधल्या एव्ह्यू डॉट लॉग या फाइलमध्ये लिहून ठेवतं. हवी ती गोष्ट एकदा माउसने करा, मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या ओळी बघा. तुम्ही केलेलं काम कमांडच्या रूपात तिथे तयार असतं. ते उचला, नावं बदला आणि वापरा. मी स्वतः ही भाषा अशीच शिकलो. टूल्स मेनूतला कमांड नॅव्हिगेटरही मदतीला आहे. त्यात सगळ्या कमांड झाडासारख्या मांडलेल्या असतात आणि टोकाच्या नावावर डबल क्लिक केलं की त्या कमांडचा फॉर्म उघडतो.

ही सोय जुनी आहे. ॲडम्स बनवणारी मेकॅनिकल डायनॅमिक्स ही कंपनी १९७७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे सुरू झाली. २००२ मध्ये ती एमएससी या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली आणि २०१७ मध्ये एमएससी हेक्सागॉन या कंपनीकडे. मालक बदलले तरी खिडक्या आणि बटणांच्या मागे काम करणारी कमांड भाषा टिकून राहिली.

पहिली कमांड

आपल्या मॉडेलचं नाव बग्गी आहे असं धरू. त्यात चासी (गाडीचा सांगाडा), अप्पर_आर्म आणि लोअर_आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे वरचे-खालचे दांडे), नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि टाय_रॉड (चाक वळवणारा दांडा) हे भाग आहेत. चासीखाली केज नावाची भूमिती आहे. ॲडम्समध्ये प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव घराण्यासकट असतं: आधी मॉडेल, मग भाग, मग त्या भागाखालची भूमिती किंवा मार्कर. मध्ये टिंबं.

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=.बग्गी.चासी व्हिजिबिलिटी=ऑफ

एंटर केलं की चासी आणि त्याखालची केज दोन्ही पडद्यावरून जातात. परत आणायला ऑफच्या जागी ऑन लिहावं असं कुणालाही वाटेल. चालतंही. पण इथेच थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी या एका शब्दातून निघतात.

तिसरी किंमत

व्हिजिबिलिटीला दोन नव्हे, तीन किंमती आहेत: ऑन, ऑफ आणि नो_ओपिनियन. अपिअरन्सच्या खिडकीत तिसरीला इनहेरिट म्हटलं आहे. अर्थ असा, की ‘माझं स्वतःचं काही म्हणणं नाही, माझ्या वरचा जे सांगेल ते.’ मुद्दाम काही बदललं नसेल तर भागाखालची भूमिती सहसा याच अवस्थेत असते. म्हणून तर चासीला ऑफ म्हटल्याबरोबर केजही गेली. केजला आपण काही सांगितलंच नव्हतं.

आता पुढचा प्रयोग स्वतःच्या मॉडेलवर खरोखर करून बघा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

चासी ऑफ आहे. केजला स्वतंत्रपणे ऑन करा:

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=.बग्गी.चासी.केज व्हिजिबिलिटी=ऑन

चासी ऑफ असूनही केज पडद्यावर परत येईल. आता चासी ऑन करा आणि पुन्हा ऑफ करा. केज जागची हलणार नाही. विद्यार्थी इथे म्हणतात, ‘सर, कमांड चालत नाही.’ कमांड चाललेली असते. केजला आता स्वतःचं मत आहे आणि ॲडम्स ते मत आधी विचारतं.

असं का, ते मॉडेल कमांड फाइल म्हणून एक्सपोर्ट केलं की कळतं. त्या फाइलच्या सुरुवातीच्या भागात डिफॉल्ट्स ॲट्रिब्यूट्स ही कमांड असते आणि तिच्यात इनहेरिटन्स=बॉटम_अप असं लिहिलेलं असतं. बॉटम अप म्हणजे खालून वर विचारत जायचं. आधी केजला विचार. तिचं मत असेल तर तेच चालेल. नसेल तर चासीला विचार, तिथेही नसेल तर मॉडेलला. याच्या जागी टॉप_डाउन लिहिलं तर क्रम उलटतो आणि वरच्याचं मत खालच्यावर चालतं. पण ती किंमत एका भागापुरती नसते, सगळ्या कामाला लागते. म्हणून तिला हात न लावलेला बरा.

तेव्हा केज पूर्ववत करायची तर तिला ऑन ठेवू नका. तिचं मत काढून घ्या:

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=.बग्गी.चासी.केज व्हिजिबिलिटी=नो_ओपिनियन

आता चासी ऑफ तर केज ऑफ, चासी ऑन तर केज ऑन. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनी एवढी एक सवय लावून घ्यावी असा माझा आग्रह असतो: लपवताना ऑफ, परत आणताना नो_ओपिनियन. ऑन फक्त तिथे वापरा, जिथे वरचा बंद असतानाही हा एकटा दिसायलाच हवा.

एकदम अनेक भाग

सस्पेन्शन एकटं बघायचं तर काय काय लपवायचं याची यादी करण्यात वेळ घालवू नका. आधी सगळं बंद करा, मग हवे तेवढेच उघडा. यादी छोटी राहते आणि डिझाइनवाल्यांनी उद्या नवा भाग वाढवला तरी तो आपोआप बंद राहतो.

फॉर व्हेरिएबल_नेम=पीटी ऑब्जेक्ट_नेम्स=.बग्गी.* टाइप=पार्ट
एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=(इव्हॅल(पीटी)) व्हिजिबिलिटी=ऑफ
एंड

तारांकन म्हणजे ‘मॉडेलखालचं कुठलंही नाव’, आणि टाइप=पार्ट म्हणजे त्यातले फक्त भाग. पीटी हे आपण दिलेलं नाव. लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या या तीन ओळींच्या, प्रत्येक फेरीत त्यात पुढचा भाग येतो आणि इव्हॅलच्या कंसामुळे त्या क्षणी त्यात जो भाग आहे तोच कमांडला मिळतो. कंस विसरू नका, चुका बहुतेक तिथेच होतात. यानंतर दोन्ही आर्म, नकल आणि टाय रॉड यांना एकेक ओळीने ऑन करा. इथे ऑन योग्य आहे, कारण तुम्हाला ते खरंच दिसायला हवे आहेत.

पडद्याकडे बघितलंत तर दोन गोष्टी खटकतील. ग्राउंडवर रस्ता किंवा टेस्ट रिग काढली असेल तर तीही गेलेली असू शकते. लागत असेल तर .बग्गी.ग्राउंड परत उघडा. दुसरी गोष्ट अशी, की भाग गेले तरी जॉइंटची चिन्हं आणि स्प्रिंग हवेत लोंबकळत राहतात. जॉइंट दोन भागांना जोडत असला तरी घराण्यात तो मॉडेलचं मूल असतो, भागाचं नव्हे. स्प्रिंगचंही तसंच. म्हणून भाग बंद झाल्याने त्यांना काही फरक पडत नाही. जॉइंटसाठी तोच लूप, फक्त टाइप=जॉइंट करून. एखाद्या भागावरच्या मार्करसाठी ऑब्जेक्ट_नेम्स=.बग्गी.चासी.* आणि टाइप=मार्कर.

चिन्हांची गर्दी

सगळीच चिन्हं एकदम घालवायची तर लूप कशाला? मुख्य खिडकीवर क्लिक करून व्ही हे छोटं अक्षर दाबा. चिन्हं जातात, पुन्हा दाबा, येतात. जी दाबलं की ग्रिड. शिफ्ट धरून एस दाबलं की भरीव आकार आणि तारांचा सांगाडा यांत अदलाबदल होते. कमांडने करायचं तर:

डिफॉल्ट्स ॲट्रिब्यूट्स आयकॉन_व्हिजिबिलिटी=ऑफ

व्ही दाबूनही पाच-सात मार्कर हटत नसतील तर बहुधा कुणीतरी त्यांना कधीतरी ऑन करून ठेवलेलं असतं. उपाय वर आलाच आहे, नो_ओपिनियन.

चिन्हं फार मोठी दिसतात म्हणून ती बंद करू नका. त्याच कमांडमध्ये साइझ_ऑफ_आयकॉन्सला छोटी किंमत द्या. जॉइंट जोडताना अक्ष कुठे वळले आहेत हे डोळ्यांनी बघणं फार गरजेचं असतं.

लपवण्यापेक्षा पारदर्शक बरं

नकलच्या आतलं बेअरिंग बघायचं आहे, पण नकलही समोर हवी आहे. अशा वेळी नकल बंद करण्यापेक्षा तिची पारदर्शकता वाढवा:

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=.बग्गी.नकल ट्रान्सपरन्सी=70

0 म्हणजे ठोस, 100 म्हणजे पूर्ण पारदर्शक. मी 60 ते 75 च्या मध्ये ठेवतो. आकार डोळ्यांसमोर राहतो आणि आतलंही दिसतं. खिडकी तारांच्या सांगाड्यात असेल तर याचा परिणाम दिसणार नाही, आधी शिफ्ट-एस करून भरीव आकारावर या.

दिसत नाही, पण आहे

व्हिजिबिलिटी बंद केल्याने गणितात काडीचाही बदल होत नाही. लपवलेल्या चासीचं वस्तुमान तेवढंच राहतं, जडत्व तेवढंच राहतं. लपवलेल्या ठोकळ्यावर कॉन्टॅक्ट लावलेला असेल तर तो तसाच आदळतो. व्हिजिबिलिटी हा ॲडम्स व्ह्यूचा, म्हणजे चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचा विषय आहे. गणित करणाऱ्या सॉल्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. जड पॅरासॉलिड भूमिती लपवली तर मॉडेल फिरवताना खिडकी हलकी चालते, पण सॉल्व्हरच्या गणिताचा वेळ त्याने कमी होत नाही.

एखादी गोष्ट गणितातूनच बाहेर काढायची असेल तर त्यासाठी वेगळी किल्ली आहे:

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम=.बग्गी.स्प्रिंग_1 ॲक्टिव्ह=ऑफ

कमांड तीच, किंमती त्याच तीन, पण अर्थ जमीन-अस्मानाचा. एक डोळ्यासाठी, दुसरी गणितासाठी. घाईत एकाच्या जागी दुसरी लिहिली गेली तर ॲडम्स तक्रार करत नाही, कारण दोन्ही कमांड बरोबरच असतात.

लपवलेली गोष्ट गणितात तशीच राहते, हे एका महाविद्यालयाच्या संघाबरोबर काम करताना मी जवळून पाहिलं. एका विद्यार्थ्याने आर्मचे मार्कर नीट दिसावेत म्हणून पुढच्या डाव्या बाजूची स्प्रिंग लपवली आणि फाइल तशीच सेव्ह केली. दोन दिवसांनी दुसऱ्या विद्यार्थिनीने ती फाइल उघडली. स्प्रिंग दिसली नाही. तिला वाटलं, लावायची राहिली आहे. तिने त्याच दोन बिंदूंमध्ये तेवढ्याच ताठपणाची आणि तेवढ्याच डॅम्पिंगची नवी स्प्रिंग लावली. चूक तिची नव्हती, तिने समोर जे दिसलं त्यावर योग्यच काम केलं.

आकडे बघा. त्या कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वस्तुमान 45 किलो होतं आणि चाकाशी मोजलेला ताठपणा मिलिमीटरला 6 न्यूटन. टायर बाजूला ठेवून हिशेब केला तर नैसर्गिक वारंवारता साधारण 1.8 हर्ट्झ येते आणि गाडी स्वतःच्या वजनाने सुमारे 74 मिलिमीटर बसते. दोन स्प्रिंग झाल्यावर ताठपणा 12 झाला, वारंवारता 2.6 हर्ट्झवर गेली आणि बसणं 37 मिलिमीटरवर आलं. स्थिर समतोलाचं विश्लेषण चालवल्यावर गाडीचा पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा वर राहिला, तेव्हा शंका आली. दोन्ही बाजूंना असंच झालं असतं तर गाडी सरळ उभी राहिली असती आणि कडक सस्पेन्शनचं कारण डॅम्परमध्ये शोधत आम्ही आठवडा घालवला असता.

तेव्हापासून मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. दुसऱ्याची फाइल हातात आली की चित्राकडे बघण्याआधी टूल्समधला डेटाबेस नॅव्हिगेटर किंवा टेबल एडिटर उघडतो. त्यात लपवलेल्या वस्तूही यादीत असतात. स्प्रिंग किती, जॉइंट किती, हे मोजतो. मग:

मॉडेल व्हेरिफाय मॉडेल_नेम=.बग्गी

यातून भागांची आणि जॉइंटची संख्या कळते, आणि ग्रुब्लरच्या, म्हणजे भाग आणि जॉइंट मोजून केलेल्या, हिशेबाने मॉडेलला किती मोकळीक (स्वतंत्र हालचाली) उरली आहे तेही कळतं. एक मात्र लक्षात असू द्या. जास्तीची स्प्रिंग या आकड्यात सापडत नाही, कारण स्प्रिंग बल देते, मोकळीक काढून घेत नाही. जॉइंट चुकून निष्क्रिय झाला असेल तर तो मात्र इथे पकडला जातो. म्हणून यादी मोजणं आणि व्हेरिफाय करणं, दोन्ही करायचं.

रोजच्या वापरासाठी मॅक्रो

मॅक्रो म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या अनेक कमांड. आता वरचं सगळं दोन छोट्या फाइलमध्ये बांधून टाकू. साध्या नोटपॅडमध्ये एका फाइलीत सगळे भाग बंद करणारा लूप आणि त्याखाली सस्पेन्शनचे भाग ऑन करणाऱ्या ओळी लिहा. दुसऱ्या फाइलीत ‘पूर्ववत’चे लूप: सगळ्या भागांना नो_ओपिनियन, सगळ्या जॉइंटना नो_ओपिनियन. स्प्रिंग वेगळ्या लपवत असाल तर त्यांच्याही ओळी इथे हव्यात. ज्याला पहिल्या फाइलीत हात लावला त्याला दुसरीत सोडवायचं, हा हिशेब ओळीला ओळ लावून तपासा.

फाइल नुसती एकदा चालवायची असेल तर:

फाइल कमांड रीड फाइल_नेम="सस्प.सीएमडी"

पण रोज लागणार असेल तर तिला स्वतःचं नाव द्या:

मॅक्रो रीड मॅक्रो_नेम=सस्प फाइल_नेम="सस्प.सीएमडी" यूझर_एंटर्ड_कमांड="बग्गी सस्प"

यानंतर कमांड विंडोत ‘बग्गी सस्प’ एवढे दोन शब्द लिहिले की पूर्ण काम होतं. पूर्ववतसाठी तसंच ‘बग्गी रीसेट’. नाव निवडताना ॲडम्सच्या मूळ कमांडशी टक्कर होऊ देऊ नका. पार्ट, मॉडेल, व्ह्यू या शब्दांनी सुरुवात करू नका.

मॅक्रो त्या सेशनच्या डेटाबेसमध्ये राहतो. नवं सेशन उघडलं की तो परत वाचावा लागतो. त्यासाठी ज्या फोल्डरमध्ये काम करता तिथे एव्ह्यूएएस डॉट सीएमडी नावाची फाइल ठेवा. नावातली शेवटची ए आणि एस ही अक्षरं मोठी, म्हणजे ‘आफ्टर स्टार्टअप’. ॲडम्स व्ह्यू सुरू झाल्यावर ती आपोआप वाचली जाते. तिच्यात दोन्ही मॅक्रो रीडच्या ओळी लिहून ठेवल्या की संघातल्या प्रत्येकाला त्याच दोन कमांड तयार मिळतात. पायथन वापरणाऱ्यांना हीच कमांड अवतरण चिन्हांत घालून ॲडम्स मॉड्यूलच्या एक्झिक्यूट_सीएमडी या फंक्शनला देता येते, नवं काही शिकावं लागत नाही.

आमच्या संघात आता फाइल दुसऱ्याकडे पाठवण्याआधी ‘बग्गी रीसेट’ चालवून मगच सेव्ह करतात. आणि ज्या स्प्रिंगा दिसायलाच हव्यात त्यांच्यासाठी रीसेटच्या फाइलीत शेवटी व्हिजिबिलिटी=ऑन अशा चार ओळी आहेत, चार चाकांच्या चार स्प्रिंगांसाठी. त्या मी मुद्दाम ऑन ठेवल्या आहेत.